हो म्हटलेलं आठवत नाही

मागच्या मंगळवारी संध्याकाळी मी ओट्याशी मटार सोलत उभी होते आणि मिक्सर सरकवून त्या जागी लॅपटॉप उघडा ठेवला होता. एका दूध संस्थेसाठी लिहिलेला जुना प्रोग्राम आहे. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), त्यावरून लिटरचा दर, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाच्या हातात पडणारं बिल, एवढंच त्याचं काम. सात वर्षांत त्यात बरीच अडगळ साचली होती आणि ती आवरायचं काम मी एजंटवर, म्हणजे स्वतःहून कोड लिहिणाऱ्या एआय मदतनिसावर, सोपवलं होतं. मी अँथ्रॉपिक कंपनीचा क्लॉड कोड वापरते. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालतो, फायली वाचतो, त्यात बदल करतो, कमांड चालवतो, आणि काही बदलण्याआधी थांबून विचारतो. विचारणं अगदी साधं असतं. वर ती कमांड, खाली तीन ओळी: ‘हो’; ‘हो, आणि यासाठी पुन्हा विचारू नकोस’; ‘नाही, त्याऐवजी काय करायचं ते सांग’. दर दोन मिनिटांनी तो थांबायचा, मी ओल्या करंगळीनं एंटर दाबायचे आणि परत शेंगांकडे वळायचे. मटाराचा कोवळा हिरवा वास, कुकरची शिट्टी, आतल्या खोलीत मुलीचं पाठांतर, आणि मधूनमधून ते एंटर. काम छान पुढे जातंय असं वाटत होतं.

बुधवारी सकाळी चहा घेत मी आदल्या दिवशीचं सगळं वर जाऊन वाचायला घेतलं. बरंचसं अपेक्षेप्रमाणेच होतं. मध्ये एका ओळीपाशी थांबले. ‘जुने दर’ नावाचं फोल्डर काढून टाकलेलं होतं. त्या फोल्डरमध्ये फोटो होते. 2018 साली मी संस्थेत पहिल्यांदा गेले तेव्हा सचिवांनी भिंतीवरचे, कपाटातले, वहीत चिकटवलेले सगळे जुने दरतक्ते काढून दाखवले होते आणि मी एकेकाचा मोबाइलवर फोटो घेतला होता. हिशेब बरोबर येतोय का ते ताडून बघायला पुढे वर्षभर ते उपयोगी पडले. त्यांची प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आहे, त्यामुळे गेलं काहीच नाही. प्रोग्राममध्ये कुठेही त्या फोल्डरचा उल्लेख नव्हता, म्हणजे एजंटनं काढलेला निष्कर्षही बरोबरच होता. आणि त्यानं विचारलं होतं. फोल्डरचं नाव स्पष्ट लिहून विचारलं होतं. खाली माझं ‘हो’ होतं.

मला ते हो म्हटलेलं आठवत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं पण काही गेलं नाही ना, मग सोड की. त्याचं खरं आहे. काही बिघडलं असतं तर कदाचित इतकं खुपलं नसतं. बिघडलेलं दुरुस्त करण्यात दिवस गेला असता आणि धडा मिळाला म्हणून विषय संपला असता. इथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. वाचलं असतं तरी मी बहुतेक होच म्हटलं असतं. पण त्या ‘हो’मध्ये मी नव्हते. माझ्या नावानं, माझ्या घरातून, माझ्या करंगळीनं दिलेली ती परवानगी होती आणि ती देताना मी शेंगेतले किडके दाणे बाजूला काढत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत पासिंग ऑफिसर होते. शनिवारी त्यांची बँक अर्धा दिवस आणि माझी शाळा सकाळची, म्हणून मी दप्तरासकट बँकेत जाऊन त्यांच्या टेबलामागच्या लाकडी बाकावर बसायची. कापडी बांधणीच्या जाड लेजरांचा वास, डिंकाच्या बाटलीला आलेली खपली, लाखेच्या काड्या, छताला लटकलेला संथ पंखा. गिऱ्हाईक विड्रॉलची स्लिप काउंटरवर द्यायचं, क्लार्क लेजरला नोंद करून हातात पितळी टोकन द्यायचा, मग लेजर आणि स्लिप अण्णांच्या टेबलावर यायची. अण्णा नमुना सहीचं कार्ड काढायचे, दोन्ही सह्या शेजारी धरायचे, शिल्लक बघायचे आणि तांबड्या शाईनं स्लिपवर सही करायचे. ती स्लिप पुढे कॅशियरच्या जाळीआड गेली की टोकनचा नंबर पुकारला जायचा. अण्णांच्या त्या सहीशिवाय जाळीतून एक रुपया बाहेर पडत नसे, याचा मला फार अभिमान वाटायचा. बाजाराच्या दिवशी आणि मार्च अखेरीला त्यांच्यासमोर स्लिपांची चळत लागायची. सकाळच्या सहीत आमचं आडनाव नीट वाचता यायचं. दुपारी दोनच्या सुमाराला नुसती एक वेलांटी उरलेली असायची. मी बाकावरून त्या वेलांट्या बघायची आणि घरी येऊन रफ वहीवर तशाच काढायची.

मी सातवीत असताना त्या वेलांटीखालून एक खोटी स्लिप गेली. एका बाईंच्या खात्यातून त्यांच्या पुतण्यानं सही गिरवून 1800 रुपये काढले होते. बाई पासबुक भरून घ्यायला आल्या तेव्हा कळलं. ती रक्कम अण्णांच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं कापली गेली. त्या वर्षी दिवाळीला आम्हा भावंडांना नवे कपडे झाले नाहीत, पण घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मला आठवतात ते जेवताना आईला हळू आवाजात बोलणारे अण्णा. पैशांचं त्यांना तितकंसं वाटत नव्हतं. ते म्हणत होते, “माझ्या हातातून गेली गं ती. सही माझीच आहे. पण मला ती स्लिप आठवतच नाही. एखादं माणूस समोरून गेलं आणि आपण त्याचं तोंडच बघितलं नाही, असं झालंय.”

बुधवारी सकाळी, चहाचा कप हातात धरून, मला इतक्या वर्षांनी ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं.

यात एक योगायोग होता. त्याच आठवड्यात मी महिनाभर लांबवलेलं अपडेट केलं आणि नव्या गोष्टी कोणत्या आल्यात ते वाचायला बसले. गेल्या काही महिन्यांत या एजंटमध्ये बरंच काही आलं आहे. 29 सप्टेंबर 2025 ला आलेल्या 2.0 आवृत्तीत चेकपॉइंट आले. एजंटनं बदल करण्याआधीची स्थिती आपोआप जपली जाते आणि एस्केप दोनदा दाबलं की मागच्या कुठल्याही टप्प्यावर परतता येतं. कोड मागे न्यायचा, संभाषण मागे न्यायचं की दोन्ही, तेही निवडता येतं. आणि ऑक्टोबरमध्ये आली सँडबॉक्सची सोय. तिचं सगळं प्रयोजनच मुळी हे विचारणं कमी करणं आहे. एजंटभोवती ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर कुंपण घालायचं, लिनक्सवर बबलरॅप नावाचं साधन वापरून, मॅकवर सीटबेल्ट नावाचं. एक कुंपण फायलींचं: ज्या फोल्डरमध्ये काम चाललंय त्याबाहेर त्याला काही लिहिता येणार नाही. दुसरं नेटवर्कचं: ठरवून दिलेल्या सर्व्हरखेरीज कुठेही संपर्क करता येणार नाही. कुंपणाच्या आत मात्र त्यानं न विचारता काम करावं. असं केल्यावर अँथ्रॉपिकच्या स्वतःच्या अंतर्गत वापरात परवानगीचे प्रश्न 84 टक्क्यांनी कमी झाले, असं त्यांनी लिहिलं आहे. कारण देताना त्यांनी जे म्हटलंय ते वाचून मी जरा वेळ तिथेच थांबले. सतत विचारत राहिलं की माणूस काय मंजूर करतोय याकडे लक्ष देईनासा होतो, आणि मग विचारण्यानं सुरक्षितता वाढायच्या ऐवजी कमीच होते. माझी मंगळवारची संध्याकाळ कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली होती.

मी सँडबॉक्स चालू केला. गुरुवारी दिवसभर कुंपणाच्या आत, न विचारता काम करण्याच्या पद्धतीवर ठेवला. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. माझा दिवस सकाळी सहापासून प्रश्नांनीच भरलेला असतो. डब्याला काय, टॉवेल कुठाय, गॅसवाल्याला किती द्यायचे, सहलीच्या फॉर्मवर सही करतेस ना. ऑफिसच्या ग्रुपवर वेगळे, संस्थेच्या सचिवांचे फोनवर वेगळे. प्रत्येक उत्तर छोटं, पण दिवसाअखेर डोक्यात चाळणीसारखी भोकं पडल्यासारखं वाटतं. त्यात निदान एक जण तरी विचारायचा थांबला. टर्मिनलमध्ये ओळी सरकत होत्या, चाचण्या चालत होत्या, नापास होत होत्या, तो स्वतःच दुरुस्त करून पुन्हा चालवत होता. मी अर्धा तास सलग एकच गोष्ट केली, नवीन दरपत्रकाचा मसुदा वाचला. कितीतरी दिवसांनी.

आणि तरी दुपारी तीन-साडेतीनला मी दोनदा उठून स्क्रीनपाशी जाऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं.

माझी आजी पापडांची जाणकार होती. उडदाच्या पिठात पापडखार किती, हिंग किती, पीठ किती कुटायचं, हे सगळं तिला विचारून होई. लाटीचा एवढासा तुकडा तेलाच्या बोटानं तोंडात टाकायची आणि डोळे मिटून सांगायची, “अजून चिमूटभर.” चैत्रातल्या त्या दुपारी आई आणि काकू तिला दर दहा मिनिटांनी हाक मारत आणि ती वैतागून म्हणे, “एकदाचं शिकून घ्या गं, मला जरा पाठ टेकू द्या.” पुढे तिचे हात थरथरायला लागले. एका वर्षी आई आणि काकूंनी प्रेमानंच ठरवलं की यंदा तिला त्रास द्यायचा नाही. सगळं बेताचं प्रमाण आता त्यांना येत होतं. पापड उत्तम झाले. आजी दुपारभर मागच्या दाराच्या पायरीवर बसून होती. निजलीही नाही. संध्याकाळी मी तिच्या हातात एक लाटी नेऊन दिली, तर ती मुठीत धरून बसली, तोंडात घातली नाही. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. तिला काय झालंय ते मला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं.

गुरुवारी रात्री मी सँडबॉक्सबद्दल पुन्हा नीट वाचलं, आणि एक गोष्ट ध्यानात आली जी सकाळच्या आनंदात निसटली होती. कुंपण फोल्डरच्या बाहेरचं जग राखतं. माझ्या घरच्या इतर फायली, पासवर्ड, बाहेरचं नेटवर्क हे सगळं राखतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. एखाद्या वेबपानावर किंवा कुणाच्या फाईलमध्ये लपवलेली दुष्ट सूचना वाचून एजंट भरकटला, तरी किल्ल्या घेऊन बाहेर पळू शकणार नाही. पण ‘जुने दर’ हे फोल्डर आतच होतं. मंगळवारी सँडबॉक्स असता तर ते पुसण्याआधी तो प्रश्न आलाच नसता. आणि एस्केप दोनदा दाबून ते परतही आलं नसतं, कारण चेकपॉइंट जपतो ते एजंटनं स्वतः फाईल उघडून केलेले बदल. कमांड चालवून पुसलेलं किंवा हलवलेलं त्यात येत नाही. हे कागदपत्रांत सरळ लिहिलेलं आहे, आणि सोबत गिट, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन, वापरत राहा असंही सांगितलेलं आहे. कुणी काही लपवलेलं नाही. ते फोटो मी गिटमध्ये टाकले नव्हते, कारण फोटो जड असतात. म्हणजे बाहेरच्यांपासून राखण्याची सोय यंत्रानं केली. माझ्याच घरात माझ्या मोलाचं काय आहे, हे मात्र त्याला मी सांगितल्याशिवाय कसं कळावं?

शुक्रवारी अण्णांना फोन केला. ते आता 79 वर्षांचे आहेत, भावाकडे गावी असतात, फोनवर मोठ्यानं बोलावं लागतं. मी त्यांना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. दोन कुंपणांचं ऐकून ते लगेच म्हणाले, “म्हणजे तिजोरीची जॉइंट कस्टडी. एक किल्ली मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं. एका किल्लीनं उघडतच नाही.” मला ही उपमा सुचली नव्हती. फायलींचं कुंपण असून नेटवर्कचं नसेल, किंवा उलट, तर उपयोग नाही हे मला तीन परिच्छेद वाचून कळलं होतं. मग त्यांनी विचारलं, “आणि आता ते तुला विचारतच नाही?”

“बरंचसं नाही विचारत.”

“मग सही कुणाची?”

मी गप्प बसले. तेही. मागे भावाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग मी त्यांना त्या स्लिपबद्दल विचारलं, जे मी कधीच विचारलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही प्रत्येक स्लिप नीट बघायला लागलात का? ते म्हणाले, “छे गं. दोन महिने बघितली. लाइन पार दारापर्यंत जायला लागली. मॅनेजर बोलले, लोक बोलले. दोनशे स्लिपा माणूस दोनशे वेळा बघू शकत नाही, बाळ. मग मी अंगठेवाले धरले.”

अंगठेवाले म्हणजे ज्यांना सही येत नाही असे खातेदार. बहुतेक बायका, त्यातही म्हाताऱ्या, निराधार योजनेचे किंवा मुलानं मुंबईहून पाठवलेले थोडेफार पैसे काढायला येणाऱ्या. सहीचा नमुना निदान शेजारी धरता येतो. अंगठ्याचा ठसा नुसत्या डोळ्यांनी कुणाला ताडता येणार? त्यामुळे माणूसच समोर हवं. अण्णांनी तेव्हापासून ठरवलं की अंगठ्याची स्लिप क्लार्कच्या हातून घ्यायचीच नाही. त्या बाईला टेबलाशी बोलवायचं, खुर्ची द्यायची, नाव विचारायचं, घरचं दोन शब्द बोलायचं, अंगठा समोर उठवून घ्यायचा, मगच सही. बाकीच्या स्लिपांवर वेलांटी चालू राहिली. “पण अंगठ्याच्या स्लिपेवर रिटायर होईपर्यंत पूर्ण सही केली,” ते म्हणाले. मला त्या बायका आठवतात. नऊवारीचा पदर डोक्यावर, बोटावरची जांभळी शाई पदरालाच पुसणाऱ्या. त्या अण्णांच्या समोर इतका वेळ का बसतात असं मला बाकावर बसून वाटायचं, कारण त्यांच्यामुळे आम्हाला घरी जायला उशीर व्हायचा.

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी मंगळवारचं सगळं पुन्हा उघडलं आणि माझे ‘हो’ मोजले. 61 भरले. प्रत्येकाशेजारी कागदावर खूण करत गेले. हे विचारायला हवं होतं का? चाचणी चालवू का, नाही. तीच चाचणी पुन्हा चालवू का, मुळीच नाही. असं करत 61 पैकी पाच उरले. त्या पाचांसाठीच मी तिथे असणं गरजेचं होतं आणि उरलेल्या छप्पन्नांनी मला तिथून उठवून लावलं होतं. मग सेटिंगची फाईल उघडली. तिथे तीन याद्या करता येतात: काय बिनदिक्कत करावं, काय करण्याआधी विचारावं, आणि काय कधीच करू नये. सँडबॉक्सचं कुंपण ठेवलं, पण आत मोकाट सोडण्याऐवजी नेहमीसारख्या परवानगीच्या पद्धतीवर आणलं. पहिल्या यादीत ते किरकोळ सगळं घातलं. तिसरीत पासवर्डची फाईल. दुसरी यादी करायला मात्र मला जवळजवळ तासभर लागला. पुसणं, हलवणं, कोड बाहेरच्या सर्व्हरवर ढकलणं हे पटकन झालं. त्यापुढे या प्रोग्राममध्ये माझ्या मोलाचं काय आहे असा विचार करत बसले, आणि जाणवलं की सात वर्षांत हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. बिल काढण्याचा हिशेब, अर्थातच. पण उत्पादकांची नावं ज्या फाईलमध्ये आहेत तीही, कारण त्यातली कितीतरी नावं मी सचिवांना फोन करून एकेक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतली आहेत. बिलावर आपलं नाव चुकलेलं बघून एक आजोबा संस्थेत येऊन बसले होते, पैसे बरोबर असूनही. ती फाईल मी यादीत घातली. हार्ड डिस्कवरून ‘जुने दर’ परत आणलं आणि तेही घातलं.

सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर एजंटला उरलेली आवराआवर सांगितली आणि ओट्यावर नाही, टेबलाशी बसले. तो बराच वेळ आपापला काम करत राहिला. मध्ये मी मुलीच्या वहीला कव्हर घातलं. मग ओळी थांबल्या. ‘जुने दर’ हे फोल्डर वापरात दिसत नाही, ते ‘संग्रह’मध्ये हलवू का, असं विचारत होता. कमांड शेवटपर्यंत वाचली. मग ते फोल्डर उघडलं आणि पहिला फोटो मोठा केला. निळ्या ऑइलपेंटच्या भिंतीवर चिकटवलेला, कडा कुरतडलेला तक्ता. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या चौकटीत पेनानं खोडून वर नवा दर लिहिलेला, आणि कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यात सचिवांनी धरलेलं बोट. नखात थोडी शाई.

तिसऱ्या ओळीवर गेले आणि टाइप केलं: हलवू नकोस, हे जिथे आहे तिथेच राहू दे. तो बरं म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो बराच वेळ आला नाही.